स्वाती दांडेकर: नागपूर, आयोवाची आमदारकी आणि २०१४ चा काँग्रेसचा प्रयत्न (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत मराठी माणूस निवडणुकीला उभा राहिला की आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवस धुरळा उडतो आणि मग निकाल काय लागला ते कोणी विचारत पण नाही. स्वाती दांडेकरांचं तसंच झालं. त्यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, जिथे भानगड मोठी आहे तिथे लांबणारच.

स्वाती दांडेकर नक्की कोण? एका दमात सांगा.

नागपूरला जन्म, १९५१. १९७३ ला अमेरिकेत, आयोवा राज्यात. आधी शाळेच्या बोर्डावर, मग २००३ पासून आयोवाच्या खालच्या सभागृहात, २००९ पासून वरच्या सभागृहात म्हणजे स्टेट सिनेटमध्ये, २०११ ला तिथून राजीनामा देऊन वीज-गॅसचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर, २०१३ ला तोही सोडला, २०१४ ला अमेरिकन काँग्रेससाठी उभ्या राहिल्या आणि पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आतल्या निवडणुकीतच हरल्या. त्यानंतर २०१६ ला मनिलाच्या एशियन डेव्हलपमेंट बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी. पक्ष डेमोक्रॅटिक, आणि त्यातही मध्यममार्गी बाजूच्या.

(काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद, पंजावाली काँग्रेस नाही. हा प्रश्न खरंच येतो म्हणून लिहिलं.)

नागपूरच्या मुलीला आयोवातलं राजकारण सुचलं कसं?

राजकारण करायचं म्हणून कोणी आयोवाला जात नाही. शिक्षण नागपूर विद्यापीठातून सायन्सचं आणि नंतर मुंबईत डाएटेटिक्स. मग अमेरिका, संसार, मुलं, आणि मुलं शाळेत जायला लागली की शाळेच्या कामात ओढलं जाणं. सीडर रॅपिड्स शहराला लागून मॅरियन नावाचं गाव आहे, तिथल्या लिन-मार शाळा डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर त्या १९९६ ला निवडून आल्या आणि २००२ पर्यंत होत्या.

आपल्याकडे शालेय समिती म्हटलं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला खुर्चीवर बसायचं पद असं वाटतं. तिकडचं स्कूल बोर्ड तसं नसतं. लोकांनी मत देऊन निवडलेलं असतं, शाळेचं बजेट, बांधकाम, सुपरिंटेंडेंटची (सगळ्या शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याची) नेमणूक सगळं त्यांच्या हातात, आणि लोकांच्या घरपट्टीतला मोठा भाग या शाळांना जातो त्यामुळे मीटिंगला लोक येऊन भांडतात सुद्धा. अमेरिकेत पुष्कळ लोकांची राजकारणाची पहिली पायरी हीच असते. बाहेरून आलेल्या माणसाला तर ही फारच सोयीची कारण तिथे तुम्ही कोणत्या देशातून आलात यापेक्षा तुमची पोरं आमच्या पोरांबरोबर शिकतात हे आधी दिसतं.

आयोवाची विधानसभा आपल्या विधानसभेसारखीच का?

नाव सोडलं तर फारशी नाही. दोन सभागृहं, खालचं १०० जणांचं, मुदत दोन वर्षं, वरचं ५० जणांचं, मुदत चार वर्षं. दोन्हीकडे लोकांनी थेट निवडलेले, आपल्या विधान परिषदेसारखं शिक्षक-पदवीधर वगैरे काही नाही.

खरी गंमत आकारात आहे. आयोवाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्याचे १०० मतदारसंघ, म्हणजे एका प्रतिनिधीमागे साधारण तीस हजार माणसं. महाराष्ट्रात एका आमदारामागे २०११ च्या जनगणनेच्या हिशोबाने जवळपास चार लाख. म्हणजे खरं बघायला गेलं तर आयोवाचा आमदार म्हणजे आकाराने आपला मोठ्या शहरातला नगरसेवक, फक्त त्याच्या हातात राज्याचे कायदे आहेत. दारोदार फिरून अख्खा मतदारसंघ पायाखाली घालता येतो आणि स्वातीताईंसारखी, जिचं नाव लोकांना आधी उच्चारता पण येत नाही अशी उमेदवार तिथे जिंकू शकते त्याचं एक कारण हे पण आहे, दार उघडल्यावर समोर माणूस दिसतो, बॅनर नाही.

पगार वर्षाला २५ हजार डॉलर. अधिवेशन जानेवारी ते साधारण एप्रिल-मे. म्हणजे हे पार्टटाइम काम आहे, कोणी शेती करतो, कोणी वकिली, कोणी रिटायर्ड. हा पगार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००२ चं ते ईमेल प्रकरण काय होतं?

पहिलीच निवडणूक, मॅरियन भागातला ३६ नंबरचा मतदारसंघ. समोरच्या रिपब्लिकन उमेदवार बाईंनी एक ईमेल लिहिला. मी इथे आयोवात वाढत होते, शाळेत झेंड्यापुढे शपथ म्हणत होते, तेव्हा दांडेकर भारतात जातिव्यवस्थेत वाढत होत्या, मग त्या आयोवाचे कायदे काय करणार, असा त्याचा एकंदर सूर. तो ईमेल बाहेर आला, पेपरात छापून आला आणि उलटा पडला. त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी हात झटकले. स्वातीताई आरामात निवडून आल्या, पुढे २००४ ला आणि २००६ ला परत.

तो काळ पण आठवा, ९/११ ला जेमतेम वर्ष झालं होतं, सावळा रंग आणि वेगळं नाव असलेल्या माणसाकडे लोक विमानतळावर दोनदा बघत होते, आणि त्या वर्षी बहुसंख्य गोऱ्या वस्तीच्या एका मतदारसंघाने असल्या ईमेलला असं उत्तर दिलं. हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे “भारतीय असल्यामुळे हरल्या” हे वाक्य येणार आहे आणि ते इतकं सरळ नाहीये.

अमेरिकेत आमदार झालेल्या त्या पहिल्या भारतीय का?

नाही. हे फॉरवर्डमध्ये फिरतं पण चूक आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे म्हणून नाव घेतलं जातं ते कुमार बर्वे यांचं, मेरीलँडमध्ये, १९९० च्या निवडणुकीत. आडनावावरून कळलं असेलच. पण त्यांचा जन्म अमेरिकेतला. मग “भारतात जन्मलेली पहिली स्त्री” असं दुरुस्त करून फॉरवर्ड येतो, तर तेही नाही, वायोमिंगमध्ये निमी मॅकॉनिगली नावाच्या मद्रासला जन्मलेल्या बाई १९९४ लाच निवडून आल्या होत्या. न्यू जर्सीत उपेंद्र चिवुकुला पण आधीचे.

हे “पहिले”पण आपण सोडून द्यावं असं माझं मत. स्वातीताईंच्या गोष्टीत त्याची गरजच नाही.

वरच्या सभागृहात कशा गेल्या?

२००८ ला. मॅरियनची सिनेट सीट रिपब्लिकन मेरी लुंडबी यांच्याकडे होती, त्या पक्षाच्या सिनेटमधल्या नेत्या होत्या, आजारपणामुळे त्यांनी परत उभं राहायचं नाही असं ठरवलं. जागा रिकामी झाली, स्वातीताई उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. म्हणजे विरोधी पक्षाची जागा खेचून आणली. ओबामांची लाट होती ते खरंच, पण मॅरियनसारख्या ठिकाणी नुसत्या लाटेवर भागत नाही, दोन्हीकडची मतं घेणारा माणूस लागतो आणि त्या तशा होत्या.

मग चांगलं चाललेलं असताना २०११ ला राजीनामा का दिला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्या कारकिर्दीची गाठ इथेच आहे, तर नीट सांगतो.

२०१० च्या निवडणुकीत आयोवात उलटापालट झाली. रिपब्लिकन टेरी ब्रॅनस्टॅड, जे आधी १९८३ ते १९९९ गव्हर्नर (आपल्या राज्यपालासारखे नेमलेले नाही, लोकांनी निवडलेले, आपल्या मुख्यमंत्र्यासारखे) होते, ते परत आले. खालचं सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं, ६०-४०. डेमोक्रॅटांच्या हातात राहिलं फक्त सिनेट आणि तेही २६ विरुद्ध २४. म्हणजे एक जागा गेली की बरोबरी.

आता त्या एका जागेवर काय अडकलं होतं बघा. आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने २००९ ला समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती. रिपब्लिकनांना राज्यघटनेत दुरुस्ती करून तो निर्णय फिरवायचा होता. त्यासाठी दोन्ही सभागृहात मतदान व्हावं लागतं, आणि तेही लागोपाठच्या दोन विधिमंडळांमध्ये, मग लोकांचं मतदान. खालच्या सभागृहाने पास करून टाकलं. सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचे नेते माइक ग्रोनस्टाल यांनी ते चर्चेलाच येऊ दिलं नाही. म्हणजे अख्खी भिंत त्या २६ जणांवर उभी.

आणि सप्टेंबर २०११ मध्ये बातमी येते की गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी सिनेटर स्वाती दांडेकरांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं आणि त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला.

युटिलिटीज बोर्ड म्हणजे आपल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगासारखं. तीन सदस्य, सहा वर्षांची मुदत, वीज, गॅस, टेलिफोन कंपन्यांचे दर आणि परवानग्या ठरवायच्या. पूर्णवेळ काम आणि पगार लाख डॉलरच्या वर. तिकडे सिनेटमध्ये पंचवीस हजार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यापुढे काही समजावायची गरज नाही. महामंडळावर वर्णी लावून समोरच्याचं संख्याबळ कमी करणं हा खेळ आपण पाळण्यात असल्यापासून बघतोय.

म्हणजे त्या फुटल्या? पक्षांतर केलं?

नाही हो. पक्ष सोडला नाही, डेमोक्रॅटच राहिल्या. आणि दुसरी बाजू पण ऐका, आयोवाच्या कायद्यात आहे की या बोर्डावर एकाच पक्षाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत. म्हणजे गव्हर्नरला कधी ना कधी दुसऱ्या पक्षाचा किंवा बिनपक्षाचा माणूस घ्यावाच लागतो. पण तो माणूस ज्याच्या जाण्याने सिनेट डळमळते असाच का शोधला, हा प्रश्न गव्हर्नरना विचारायचा आणि हो का म्हटलं हा प्रश्न स्वातीताईंना. कार्यकर्त्यांनी दुसराच जास्त विचारला.

माझं स्वतःचं मत, कायद्याने यात काही चूक नाही आणि माणूस म्हणून पण समजू शकतं, साठीच्या आसपासच्या बाईंना चांगल्या पगाराचं, अभ्यासाचं काम मिळतंय. पण राजकारणात टायमिंग हाच हिशोब असतो. तुम्हाला पुढे याच पक्षाच्या मतदारांकडे मत मागायला जायचं असेल तर त्यांना ऐन थंडीच्या तोंडावर पोटनिवडणूक लढायला लावून जाऊ नये.

त्या पोटनिवडणुकीचं काय झालं?

८ नोव्हेंबर २०११. लिन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा, मॅरियन आणि सीडर रॅपिड्स यातच) त्या एका सीटसाठी दोन्हीकडून पैसा ओतला गेला, बाहेरच्या संघटना आल्या, टीव्हीवर जाहिराती, एका राज्याच्या एका सिनेट सीटवर देशाच्या बातम्या. डेमोक्रॅटांनी लिझ मॅथिस यांना उभं केलं, या त्या भागातल्या टीव्ही न्यूज अँकर, घराघरात माहीत असलेला चेहरा. समोर रिपब्लिकन सिंडी गोल्डिंग. मॅथिस ५६ टक्के घेऊन जिंकल्या आणि २६-२४ टिकलं.

म्हणजे शेवटी नुकसान काहीच झालं नाही. पण ज्यांनी त्या पोटनिवडणुकीत दारोदार फिरून मतं गोळा केली ते कोण होते? पक्षाचे सगळ्यात कट्टर कार्यकर्ते. आणि अमेरिकेत प्रायमरीला कोण मत देतं? तेच.

२०१४ ला काँग्रेसला उभं राहायचं असं का ठरवलं?

कारण जागा रिकामी झाली. अमेरिकेत वर जायचं असेल तर हे पहिलं लक्षात घ्यायचं, बसलेल्या खासदाराला स्वतःच्याच पक्षातून हरवणं महाकठीण, त्यामुळे सगळे वर्षानुवर्षं वाट बघत बसतात की हा कधी रिटायर होतो किंवा वरच्या पदाला उभा राहतो. आयोवाचे अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी २०१३ ला सांगितलं मी परत उभा राहणार नाही. मग आयोवाच्या पहिल्या डिस्ट्रिक्टचे (म्हणजे काँग्रेसच्या मतदारसंघाचे) खासदार ब्रूस ब्रेली त्या सिनेट सीटसाठी निघाले. मग ब्रेलींची जागा रिकामी. एक माणूस थांबला आणि खालची सगळी रांग हलली.

तेव्हाचा पहिला डिस्ट्रिक्ट म्हणजे ईशान्य आयोवा, सीडर रॅपिड्स, वॉटर्लू, डब्युक, मध्ये पसरलेली मक्याची शेतं. डेमोक्रॅटांकडे झुकणारा. स्वातीताईंचं मॅरियन यातच. २०१३ मध्ये त्यांनी बोर्डाचा राजीनामा दिला आणि उतरल्या.

पक्षाने तिकीट दिलं नाही का?

तिकीट हा प्रकारच नाही. हायकमांड नाही, एबी फॉर्म नाही, दिल्लीला चकरा नाहीत. ठराविक सह्या गोळा करून फॉर्म भरला की तुम्ही पक्षाच्या प्रायमरीत उमेदवार, आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते त्या पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात. पक्षाचे बडे लोक आतून कोणाला तरी मदत करतात ते वेगळं, पण अडवू शकत नाहीत.

आपल्याला हे ऐकायला फार लोकशाहीवालं वाटतं आणि आहेच, पण याचा अर्थ असा की पहिली लढाई स्वतःच्याच लोकांशी, स्वतःच्या खर्चाने, सगळ्यांसमोर.

समोर कोण कोण होतं?

स्वातीताई धरून पाच जण:

– पॅट मर्फी, डब्युकचे, आयोवाच्या खालच्या सभागृहाचे माजी स्पीकर. स्वातीताई तिथे असताना शेवटची दोन वर्षं हेच स्पीकर होते.
– मोनिका व्हर्नन, सीडर रॅपिड्सच्या नगरसेविका, पूर्वीच्या रिपब्लिकन.
– अनेसा कायताझोविच, वॉटर्लूच्या तरुण आमदार, बोस्नियातून लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या.
– डेव्ह ओब्रायन, सीडर रॅपिड्सचे वकील.

आता ही यादी गावांच्या नावासकट परत वाचा. सीडर रॅपिड्सच्या भागातले तीन, मॅरियन म्हणजे त्यालाच लागून. डब्युकचा एकच. वॉटर्लूचा एकच.

आणि निकाल?

३ जून २०१४. मर्फी साधारण ३७ टक्के घेऊन पहिले, व्हर्नन दुसऱ्या. स्वातीताई पहिल्या दोनात नव्हत्या.

आयोवात एक नियम आहे, प्रायमरीत पहिल्याला किमान ३५ टक्के पाहिजेत, नाही मिळाले तर मतदारांच्या हातातून निर्णय जातो आणि पक्षाचे प्रतिनिधी अधिवेशन भरवून उमेदवार ठरवतात. पाच जण उभे आहेत म्हटल्यावर हे असं अधिवेशन होईल अशी चर्चा होती, आणि तसं झालं असतं तर चौथ्या-पाचव्यालाही वाटाघाटीत जागा असती. मर्फी ३५ च्या वर जेमतेम गेले आणि सगळ्यांचं गणित तिथेच संपलं.

मर्फींना मिळालेली मतं किती? दहा हजारांच्या आसपास. साडेसात लाख लोकसंख्येच्या मतदारसंघात! आपल्याकडे एवढ्या मतांवर एखाद्या कारखान्याचं संचालकपद पण पक्कं होत नाही.

का हरल्या मग? खरं कारण काय?

एक कारण नसतं पण मला वाटतं तसं क्रमाने सांगतो.

पहिलं मतविभागणी. लिन काउंटीची मतं तिघांत वाटली गेली आणि डब्युकची मर्फींना एकगठ्ठा. हा निकाल नकाशावरच लिहिलेला होता.

दुसरं म्हणजे २०११. मघाशी सांगितलं तेच. मर्फी कामगार युनियनवाल्यांचे, पक्षाच्या जुन्या पठडीतले. त्यांच्या शेजारी “यांनी रिपब्लिकन गव्हर्नरकडून नेमणूक घेतली आणि सिनेट धोक्यात घातली” हे वाक्य ठेवलं की प्रायमरीच्या कट्टर मतदाराला जास्त समजवावं लागत नाही. आणि दोन वर्षांत ते काम पण सोडलं, म्हणजे ज्या पदासाठी एवढं रामायण झालं ते पण अर्धवट, असं म्हणायला लोक मोकळे.

तिसरं, मध्यममार्गीपणा. मॅरियनमध्ये रिपब्लिकन शेजाऱ्यांची मतं घेऊन जिंकणं ही त्यांची ताकद होती. पण प्रायमरीत तो शेजारी मतदानालाच नसतो. जे गुण तुम्हाला आमदार करतात तेच तुम्हाला खासदारकीच्या दारात अडवतात, असा हा उलटा प्रकार, आणि हे फक्त त्यांच्याच बाबतीत नाही, अमेरिकेत मध्यावर उभ्या असलेल्या भल्याभल्यांचं प्रायमरीत हेच होतं.

भारतीय असल्यामुळे हरल्या असं नाही का?

मला नाही पटत. मॅरियनने त्यांना खालच्या सभागृहासाठी तीनदा आणि सिनेटसाठी एकदा निवडून दिलं. प्रायमरीत बाहेर जन्मलेल्या दोघी होत्या आणि दोघींनाही लोकांनी गंभीरपणे घेतलं. मोठ्या मतदारसंघात अनोळखी नावाचा तोटा होतोच, कारण साडेसात लाखांच्या दारात तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही आणि मग टीव्हीवर अवलंबून राहावं लागतं. पण मूळ दुखणं ते नव्हतं.

आपले लोक मात्र “आपली बाई” म्हणून न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातून चेक पाठवतात आणि समजतात की झालं काम. चेकने जाहिरात होते, मत ईशान्य आयोवातल्याच माणसाचं लागतं आणि तिथे मराठी मतदार मोजायला दोन हात पुरतील.

बाईमाणूस म्हणून?

याचं उत्तर त्याच वर्षाने दिलं. २०१४ पर्यंत आयोवाने अमेरिकन संसदेत एकही स्त्री पाठवली नव्हती, हे राज्य आणि मिसिसिपी अशी दोनच राहिली होती जिथे ना खासदार ना गव्हर्नर, कुठेच स्त्री निवडून आली नव्हती. आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जोनी अर्न्स्ट अमेरिकन सिनेटवर गेल्या, ब्रेलींनाच हरवून. अर्न्स्ट कोण? आयोवाच्या स्टेट सिनेटर, २०११ च्या जानेवारीत पोटनिवडणुकीने आलेल्या, म्हणजे आठ-नऊ महिने त्या आणि स्वातीताई एकाच सभागृहात होत्या, पक्ष मात्र समोरचा. तीच पायरी, तेच वर्ष, अर्न्स्ट वर गेल्या कारण पक्षाचा गाभा त्यांच्या मागे होता आणि वाराही रिपब्लिकनांचा होता.

मर्फी तरी कुठे जिंकले? नोव्हेंबरमध्ये ते रिपब्लिकन रॉड ब्लम यांच्याकडून थोडक्यात हरले. म्हणजे ज्या जागेसाठी पाच डेमोक्रॅट आपसात लढले ती पक्षाच्या हातातून गेली आणि २०१८ ला परत आली. तेव्हा जिंकल्या ॲबी फिंकनॉवर, पुन्हा एक आमदारच.

त्यानंतर त्यांनी काय केलं?

ओबामांनी त्यांना एशियन डेव्हलपमेंट बँकेच्या अमेरिकन कार्यकारी संचालक म्हणून नेमलं, राजदूताच्या दर्जाचं पद, अमेरिकन सिनेटच्या मंजुरीने २०१६ ला. ही बँक फिलिपाइन्समध्ये आहे, आशियातल्या देशांना रस्ते, वीज, पाणी यासाठी कर्ज देते, भारत तिच्या मोठ्या कर्जदारांपैकी. नागपूरहून निघून आयोवामार्गे मनिला. निवडणुकीने जे दार बंद केलं ते नेमणुकीने दुसऱ्या मजल्यावर उघडलं, आणि खरं सांगायचं तर ज्युनियर खासदारापेक्षा हे काम जास्त वजनाचं होतं असं म्हणायला जागा आहे.

मग मिशिगनचे श्री ठाणेदार काँग्रेसला कसे जिंकले? ते पण आमदारच होते ना?

होते, पण त्यांनी जिना उलटा चढला. बेळगावात वाढलेले, केमिस्ट्रीतले डॉक्टर, उद्योजक, मराठीतलं त्यांचं आत्मचरित्र पुष्कळांनी वाचलेलं आहे. २०१८ ला कुठलंही पद नसताना थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले, तिसरे आले. मग डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० ला तिथून राज्याच्या खालच्या सभागृहात, २०२२ ला थेट काँग्रेस. प्रायमरीत नऊ उमेदवार, ठाणेदारांना २८ टक्के आणि तेवढ्यावर उमेदवारी, कारण मिशिगनमध्ये आयोवासारखी ३५ टक्क्यांची अट नाही.

आयोवात ज्या मतविभागणीने स्वातीताई गेल्या त्याच मतविभागणीने डेट्रॉइटमध्ये ठाणेदार आले. आणि स्वतःचा पैसा. बाहेरचं पार्सल ही टीका त्यांच्यावर पण झालीच, शिवाय डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर आणि त्यांच्या निवडीमुळे १९५५ नंतर पहिल्यांदा तिथून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, हा राग तिथल्या लोकांचा खरा आहे, आपण मराठी म्हणून टाळ्या वाजवताना तो समजून घ्यावा.

कुमार बर्वे पण काँग्रेसला उभे होते म्हणतात?

हो, २०१६ ला मेरीलँडच्या आठव्या डिस्ट्रिक्टमधून. पंचवीस वर्षं आमदार, त्यातली बारा वर्षं सभागृहातले बहुमत पक्षाचे नेते. तिथे डेव्हिड ट्रोन नावाच्या दारूच्या दुकानांच्या साखळीच्या मालकाने स्वतःचे सव्वा कोटी डॉलरच्या वर घातले, तरी जिंकले जेमी रास्किन, तेही स्टेट सिनेटर. बर्वेंना दोन-तीन टक्के. इतक्या जुन्या, कामसू माणसाला एवढीच मतं बघून मला तरी वाईट वाटलं होतं. पुढे २०२३ ला तेही मेरीलँडच्या वीज-गॅस दर ठरवणाऱ्या कमिशनवर गेले. दोन मराठी आमदार, दोघांनाही काँग्रेस हुकली आणि दोघांच्याही कारकिर्दीत वीजदर मंडळ आलं, यातून काही सिद्ध होत नाही पण नोंद करून ठेवतो.

मी ग्रीन कार्डवर आहे, मला उभं राहता येईल का?

नाही, आधी नागरिकत्व. काँग्रेसच्या खालच्या सभागृहासाठी वय किमान २५ आणि नागरिक होऊन सात वर्षं, वरच्यासाठी ३० आणि नऊ वर्षं, आणि निवडून येताना त्या राज्याचे रहिवासी. त्या डिस्ट्रिक्टमध्येच राहिलं पाहिजे असं घटनेत नाही, पण नाही राहिलात तर विरोधक रोज ऐकवतील. राज्याच्या विधिमंडळाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, ते आपल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्यातल्या निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर बघा. स्कूल बोर्डाचे त्याहून सोपे असतात.

आणि राष्ट्राध्यक्ष?

त्यासाठी जन्माने नागरिक लागतो. म्हणजे दांडेकर नाही, ठाणेदार नाही. बर्वे चालले असते.